हेल्मेटचा ब्लूटूथ इंटरकॉम घेण्याआधी

हेल्मेटवर बसवून चालत्या गाडीवरून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम घ्यायला निघालेला माणूस दुकानात सगळ्यात आधी रेंज विचारतो. खोक्यावर कुठे ५०० मीटर छापलेलं असतं, कुठे १.६ किलोमीटर. मोठा आकडा तो चांगला, असं धरून पैसे मोजले जातात. मग पावसाळ्यातल्या पहिल्याच राइडला ताम्हिणीत दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मागच्याचा आवाज तुटतो आणि ‘फसवलं राव’ म्हणत सगळा राग कंपनीवर निघतो.

रेंजला महत्त्व आहे, पण तिचा नंबर बराच नंतर लागतो. आधी बघायचं ते हे, की आपल्याला बोलायचंय कोणाशी, ती माणसं किती, आणि त्यांच्या हेल्मेटवर आधीपासून काय बसवलेलं आहे. याच्या बरोबरीची दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: स्पीकर कानाच्या बरोबर समोर येतोय का. ही दोन कामं नीट झाली तर सहा-सात हजारांचा सेटही मनासारखा चालतो. ती राहिली तर तीस हजार घालूनही ‘ऐकू येत नाही रे’ हेच ऐकावं लागतं. खाली जे सांगतोय ते आपल्याकडच्या घाटांच्या, पावसाच्या आणि उन्हाच्या हिशेबाने.

रेंज जाते कुठे?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे घरचं वाय-फाय, वायरलेस माउस आणि इतर शंभर वस्तू तिथेच नांदतात. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलतं. म्हणून शहरात सिग्नलला उभं असतानाही बोलणं सहसा चालू राहतं. खरी अडचण आडोशाची. या लहरींची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. कातळ, मातीचा उतार, मालाने भरलेला ट्रक असं काही मधे आलं की त्या अडतात, आणि पाण्यात तर शोषल्याच जातात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे आपलं स्वतःचं डोकंसुद्धा आडोसा होतं. इंटरकॉम हेल्मेटच्या डाव्या बाजूला असतो. सोबतचा गडी उजव्या अंगाने चालत असेल तर दोन यंत्रांच्या मधे आपलं डोकं येतं. तो डावीकडे सरकला तर मधे त्याचं डोकं येतं.

कंपनीचा आकडा मोकळ्यावर, दोन्ही गाड्या एकमेकींना दिसत असताना मोजलेला असतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सरळ पट्ट्यात त्याच्या निम्मं अंतर मिळालं तरी समाधान मानावं. वरंध किंवा आंबोलीच्या घाटात मधे डोंगराची सोंड आली की शे-दोनशे मीटरवरही खरखर सुरू होते. ढोबळ हिशेब असा ठेवा: पुढची गाडी डोळ्यांना दिसतेय तोवर बोलणं होईल, वळणाआड गेली की भरवसा धरायचा नाही. हे एकदा स्वीकारलं की ५०० मीटर आणि ८०० मीटर यांतल्या फरकासाठी जास्तीचे चार हजार मोजावेसे वाटत नाहीत.

मग मोबाइलवरच कॉन्फरन्स कॉल लावला तर, असं बरेच जण विचारतात. काही कंपन्यांचं ॲपही मोबाइल नेटवर्कवरून इंटरकॉम जोडून देतं. शहरात आणि हमरस्त्यावर हे छान चालतं, अंतराची मर्यादा राहत नाही. पण ज्या ठिकाणी सोबत्यांशी बोलायची सगळ्यात जास्त गरज असते, त्या घाटांतच नेटवर्क गायब होतं.

साखळी आणि मेश

साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये जोड्या जुळतात. चौघं असतील तर पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. पहिल्याचं बोलणं चौथ्यापर्यंत पोचतं ते मधल्या दोघांच्या हेल्मेटमधून. आता तिसरा पेट्रोल भरायला थांबला, तर चौथा आपोआप तुटतो, मग तो भले पहिल्याच्या अगदी शेजारून चालत असो. साखळीची कटकट ती हीच, आणि तिच्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. ज्या क्रमाने पेअर केलंय त्याच क्रमाने रस्त्यावर चालायचं. लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढचा, पहिला, त्याच्या मागे त्याच्याशी जोडलेला, असं करत शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागचा. कितीतरी ग्रुप सकाळी चहाच्या टपरीवर हाताला येईल त्याच्याशी पेअर करतात आणि निघताना भलत्याच क्रमाने निघतात. पेअर झालेले दोघं एक पुढे आणि एक थेट शेवटी असले की त्यांच्यातलं अंतर ताणतं आणि अख्खी साखळी सारखी तुटत राहते. दोष यंत्राला दिला जातो.

मेशचं वेगळं असतं. तिथे प्रत्येक यंत्र आसपासच्या सगळ्या यंत्रांशी एकाच वेळी धागा धरून असतं. एक बाजूला झाला तरी आवाज दुसऱ्या वाटेने पोचतो, आणि तो परत आला की आपोआप सामील होतो. पुन्हा काही दाबावं लागत नाही. घाटात याचा मोठा उपयोग आहे. लीड वळणापलीकडे गेलेला असतो, स्वीप अलीकडे असतो, पण वळणावर जो कोणी असतो त्याला दोघंही दिसतात, आणि त्याच्या हेल्मेटमधून दोघांचं बोलणं होतं. कार्डो या कंपनीचं मेश १५ जणांपर्यंत चालतं, सेना या कंपनीच्या ग्रुप मेशमध्ये २४ जण मावतात. बंगळुरूच्या ब्लूआर्मर कंपनीनेही स्वतःचं मेश आणलं आहे. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: खिशात, आणि बॅटरीत. मेश चालू ठेवलं की बॅटरी साध्या ब्लूटूथपेक्षा लवकर उतरते.

विकणारा सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे एका कंपनीचं मेश बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही. कार्डोवाला आणि सेनावाला दोघांनीही महागातलं घेतलं असेल, तरी त्यांना एकमेकांशी जोडताना साध्या ब्लूटूथवरच यावं लागतं. त्यासाठीची सोय म्हणजे ‘युनिव्हर्सल’ पेअरिंग. यात एक इंटरकॉम दुसऱ्याला आपण मोबाइल असल्याचं भासवतो आणि दुसरा त्याला फोन समजून जोडून घेतो. युक्ती चालते, पण त्या बदल्यात फोन जोडण्याची एक जागा जाते, आवाजाचा दर्जा टेलिफोनसारखा उतरतो आणि एकदा तुटलं की बऱ्याचदा हातानेच परत जोडावं लागतं. म्हणून माझा सल्ला रोखठोक आहे: ज्या ग्रुपबरोबर तुम्ही वर्षभर फिरता, त्यातल्या बहुतेकांकडे जे आहे तेच घ्या. परीक्षणात पहिला आलेला पण ग्रुपमध्ये एकट्याकडेच असलेला सेट म्हणजे गाणी ऐकायचं महागडं यंत्र.

ठरलेले तीन-चार मित्र असतील आणि क्रम पाळायची सवय असेल तर साखळी पुरते. पाचच्या वर माणसं, किंवा दर वेळी नवे चेहरे, तर मेशला पर्याय नाही. एकटेच फिरत असाल आणि फक्त नकाशाच्या सूचना, अधूनमधून गाणी आणि गरजेपुरता फोन हवा असेल, तर दोन-तीन हजारांतला साधा सेट घ्यायला हरकत नाही. इंटरकॉमच्या भागाचे पैसे कशाला द्यायचे?

नवरा-बायको किंवा दोन मित्र एकाच गाडीवर असतील तर रेंजचा आकडा बघायचीच गरज नाही. दोन हेल्मेटमधलं अंतर फूट-दीड फूट. तिथे सगळा खेळ माइकचा असतो. आपल्याकडे पुढच्याचं हेल्मेट फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, आणि मागच्याचं हाफ-फेस, म्हणजे हनुवटी उघडी ठेवणारं, हे चित्र नेहमीचं. हाफ-फेसमध्ये माइक उघड्यावर येतो. मागे बसलेल्याने बोलायला मान बाजूला काढली की वारा थेट माइकवर आदळतो आणि पुढच्याच्या कानात नुसती घरघर होते. पुढचा आवाज वाढवतो, घरघरही वाढते. दुसरा महागडा इंटरकॉम घेण्यापेक्षा मागच्यासाठी चांगलं फुल-फेस हेल्मेट घ्या. आवाज सुटेल, आणि मागे बसणाऱ्याची हनुवटीही सुरक्षित राहील. मला तर हे सगळ्यात आधी करायचं काम वाटतं.

‘नॉइज कॅन्सलेशन’ कोणासाठी?

जाहिरातीत हा शब्द ठळक असतो आणि त्यावरून मोठा गैरसमज होतो. हेल्मेटच्या इंटरकॉममधलं नॉइज कॅन्सलेशन बहुतेक वेळा माइकचं असतं. तुमच्या बोलण्यातून वाऱ्याचा आवाज गाळून ते समोरच्याला स्वच्छ पाठवतं. म्हणजे तुमच्या यंत्रातल्या या सोयीचा फायदा तुमच्या मित्राला होतो. तुमच्या स्वतःच्या कानाशी जो वारा घोंगावतोय, तो यामुळे कणभरही कमी होत नाही.

आणि तो वारा किरकोळ नसतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत ९० ते १०० डेसिबल आवाज होतो. इंजिनचा किंवा सायलेन्सरचा वाटा त्यात कमी. हेल्मेटच्या खालच्या कडेशी, मानेजवळ हवा जी घुसळते तिचाच तो आवाज. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली ‘नायॉश’ ही सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास मिळतो आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पुण्याहून कोल्हापूरला हमरस्त्याने गेल्यावर रात्री कानात जी शिट्टी वाजते, तिचं कारण हे. इंटरकॉम आल्यावर आपण काय करतो? त्या वाऱ्याच्या वर ऐकू यावं म्हणून स्पीकर फुल करतो. कानावरचा भार आणखी वाढतो.

यावरचा इलाज ऐकून लोक चक्रावतात: मोठ्या पल्ल्याला, हमरस्त्यावर, कानात फोमचे इअरप्लग घाला आणि मग इंटरकॉम ऐका. प्लग घातल्यावर वारा आणि बोलणं दोन्ही साधारण सारखंच खाली येतं, त्यामुळे त्यांच्यातलं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. पण कान आता गोंगाटाने भरून गेलेला नसतो, म्हणून शब्द वेगवेगळे कळतात. इंटरकॉम थोडा मोठा केला तरी कानाच्या पडद्यापर्यंत पोचणारा आवाज मर्यादेत राहतो. हॉर्न, अँब्युलन्सचा सायरन ऐकू येतच राहतो. प्लग मेडिकलच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतात. पिळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. गावात शिरलात, वेग कमी झाला की काढून टाका.

इअरफोन घालून वर हेल्मेट चढवणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. इअरफोन कान बंद करून आत गाणं वाजवतो. हेल्मेट घालताना तो सरकतो, दाबला जातो, आणि दोन तासांत कान दुखायला लागतो. हेल्मेटच्या अस्तरात बसवलेला स्पीकर कानाबाहेर राहतो, रस्त्याचा आवाज येऊ देतो.

बसवणं: इथे घाई नको

स्पीकर साधारण ४० मिलिमीटर व्यासाची चपटी चकती असते. आवाज कर्कश, पातळ येतो अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ती चकती कानाच्या छिद्रासमोरून सेंटिमीटरभर सरकलेली असते. सगळ्यात आधी जातो तो खर्ज, आणि खर्ज गेला की माणूस आवाज वाढवत सुटतो. हेल्मेटच्या गालाच्या गादीत स्पीकरसाठी खळगा असतो खरा, पण तो कोणाच्या तरी सरासरी डोक्याच्या मापाने केलेला असतो. तुमचे कान थोडे वर, थोडे मागे असू शकतात. दोन्ही कान एका रेषेत असतातच असंही नाही.

जागा शोधायची पद्धत सोपी आहे. फोनवर ढोलकी किंवा तबला ठसठशीत असलेलं ओळखीचं गाणं मध्यम आवाजात लावा. स्पीकर वेल्क्रोवर हलकेच टेकवा, हेल्मेट घाला, पट्टा बांधा, आणि गाल-गादी व कान यांच्या फटीतून बोट घालून चकती थोडी थोडी सरकवा: आधी मागे, मग वर, मग खाली. एका जागी ढोलकीचा धुमा एकदम भरून येतो. ती तुमची जागा. तिथे खूण करा आणि मग पक्कं चिकटवा. दुसऱ्या कानाला पुन्हा पहिल्यापासून. चकती कानापासून लांब वाटत असेल तर सेटबरोबर आलेले स्पंजचे किंवा वेल्क्रोचे तुकडे मागे लावून ती पुढे आणा. पण कानाला टेकता कामा नये. टेकलेली चकती दुकानात जाणवत नाही, तासाभराने असह्य होते.

खळगा उथळ आहे म्हणून आतला थर्मोकोल कुरतडायचा मोह काहींना होतो. तो अजिबात करू नका. अपघातात डोक्यावरचा आघात झेलणारा थर तोच. तिथे चकतीएवढा खड्डा पाडला तर कानशिलाजवळचं संरक्षण गेलं. खळगा नसलेल्या हेल्मेटमध्ये पातळ स्पीकर मिळतात ते वापरा, नाहीतर पुढचं हेल्मेट घेताना खळगा बघून घ्या. हेल्मेटला भोक पाडणं, स्क्रू मारणं हेही तसंच वर्ज्य. आणि ज्या हेल्मेटवर हा सगळा खटाटोप करायचा ते आयएसआय चिन्हाचं हवं. १ जून २०२१ पासून देशात तशीच हेल्मेटं विकायची परवानगी आहे.

माइक दोन प्रकारचे येतात. फुल-फेसला वायरचा छोटा बटण-माइक, तो हनुवटीच्या आत चिकटवायचा. हाफ-फेसला आणि पुढून उघडणाऱ्या मॉड्युलर हेल्मेटला दांडीचा माइक. बऱ्याच माइकवर बाणाची किंवा ठिपक्याची खूण असते. ती बाजू ओठांकडे हवी. उलटा बसलेला माइक तुमच्यापेक्षा वारा जास्त पकडतो. ओठांपासून अंतर बोटभर. हनुवटीची हवेची झडप माइकच्या थेट समोर येत असेल तर माइक थोडा बाजूला घ्या.

मुख्य यंत्र बसवायला क्लिप किंवा चिकट पट्टी असते. क्लिप चांगली, कारण पडल्यावर ती निसटून सुटते आणि हेल्मेट बदललं की सोबत नेता येते. पट्टी लावायची असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीने साफ करा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, पॉलिकार्बोनेटची कवटी त्याने आतून कमकुवत होते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. चिकटवल्यावर एक दिवस तसंच ठेवा.

इंटरकॉम आतच बसवलेली हेल्मेटं दिसायला सुबक असतात. माझं मन त्यांच्याकडे वळत नाही. हेल्मेट पडलं, आपटलं, जुनं झालं की बदलावंच लागतं, आणि त्याबरोबर चांगला चालणारा इंटरकॉमही टाकावा लागतो. उलट बॅटरी गेली की हेल्मेट उत्तम असूनही अडकून बसतं.

पाऊस, ऊन आणि बॅटरी

खोक्यावर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडलं तरी चालतं. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही एवढाच अर्थ. एक्स ४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, एक्स ५ म्हणजे पाण्याचा झोत. ताशी ६०-७० किलोमीटरने ताम्हिणीच्या जुलैतल्या पावसात शिरल्यावर यंत्रावर जे येतं ते शिंतोडे नव्हेत. पावसाळ्यात फिरणाऱ्याने एक्स ५ च्या खाली जाऊ नये, आणि पाऊस हाच हंगाम असणाऱ्याने सरळ ६७ बघावा.

हे आकडे चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण बंद असतानाचे आहेत. बहुतेक यंत्रं तिथूनच भिजतात. पावसात पॉवर बँक लावून चार्जिंग करत चालणं म्हणजे पाण्याला दार उघडून देणं. टपरीवर थांबलात तर हेल्मेट आरशाला उलटं अडकवू नका. आत पाणी साचतं आणि स्पीकरचा स्पंज ते पिऊन बसतो. माइकवरचा स्पंज चिंब झाला की तुमचा आवाज दबका, लांबून आल्यासारखा जातो. तो काढून पिळला, फडक्यात दाबला की लगेच फरक पडतो. एक जादा स्पंज प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावा. दिवसअखेर दोन्ही स्पीकरचे स्पंज काढून पंख्याखाली वाळवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी हेल्मेट घालवत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांची काळजी उलटी. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गाडीवर ठेवलेलं हेल्मेट तव्यासारखं तापतं, आणि लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त उष्णतेनेच घटतं. यंत्र क्लिपवरून काढून खिशात घ्या. तापलेलं यंत्र लगेच चार्जिंगला लावू नका. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात मोबाइलचा फास्ट चार्जर वापरू नका असं लिहिलेलं असतं. ते वाचून त्याप्रमाणे करा. चार महिने राइड नसेल तर निम्मं चार्ज करून ठेवा, पूर्ण रिकामं कधीच ठेवू नका. खरेदीच्या वेळी एक साधी गोष्ट बघा: चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे ना. मुक्कामी सगळ्यांना एकच वायर चालते.

वॉरंटीबद्दल दोनच वाक्यं. बाहेरदेशातून ओळखीच्यांकडून मागवलेल्या सेटला इथे दुरुस्ती मिळेल का ते आधी विचारून घ्या. आणि स्पीकर, माइक, क्लिप हे सुटे भाग वेगळे विकत मिळतात का ते बघा, कारण आधी तेच खराब होतात.

वापर

पेअरिंग आदल्या रात्री घरी करा. क्रम असा ठेवा: आधी प्रत्येकाने आपला फोन जोडावा, मग इंटरकॉम एकमेकांना. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, नवं करायचं असेल तर तेही तेव्हाच, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी; एकाचं नवं आणि एकाचं जुनं असलं की नको तिथे अडतं. काही केल्या जुळत नसेल तर फॅक्टरी रीसेट करा. त्याने जुन्या सगळ्या जोडण्या पुसल्या जातात हे लक्षात ठेवून, सावकाश.

नकाशाच्या सूचना येत नसतील तर ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज ब्लूटूथवर पाठवण्याचं बटण बंद आहे का ते बघा. इंटरकॉम चालू झाला की गाणं बंद पडतं किंवा त्याचा दर्जा उतरतो, तो बिघाड नव्हे. ब्लूटूथमध्ये गाणं आणि बोलणं दोन वेगळ्या मार्गांनी जातं. गाण्याचा मार्ग रुंद, बोलण्याचा अरुंद. दोन्ही एकत्र सांभाळणं स्वस्त यंत्रांना झेपत नाही. फोन आपोआप उचलण्याची सोय असेल तर ती बंद करा. वळणात गाडी झुकलेली असताना अचानक कानात कोणी बोलायला लागलं की दचकायला होतं.

कायद्याचंही बघून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं जातं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता बघण्यासाठी तेवढी मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. इंटरकॉम हातात धरावा लागत नाही. पण लक्ष हातापेक्षा बोलण्यानेच जास्त जातं, हे कोणीही राइडर स्वतःवरून सांगेल. ऑफिसचा वाद, घराच्या हप्त्याचा हिशेब असले फोन गाडी बाजूला घेऊनच घ्यावेत. बटणं डाव्या बाजूला असतात कारण उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर. पण घाटात डावा हातही क्लचसाठी लागतो. म्हणून जे काही दाबायचं ते सरळ रस्त्यावर.

ग्रुपमध्ये सगळेच सतत बोलत राहिले तर कामाचं वाक्य त्यात बुडतं. चांगल्या ग्रुपची पद्धत अशी असते की घाट सुरू झाला की गप्पा बंद. बोलायचं ते लीडने आणि स्वीपने. वाक्यं तोकडी, आणि आधी जागा, मग वस्तू: ‘डावीकडे खडी.’ ‘पुढच्या वळणावर म्हशी, हळू या.’ ‘समोरून एसटी, आत राहा.’ मागून स्वीप सांगतो: ‘सगळे घाट उतरले.’ ‘ओव्हरटेक करा, मोकळं आहे’ हे मात्र कोणी कोणाला सांगू नये. लीडला मोकळा दिसलेला रस्ता चौथ्या गाडीपर्यंत मोकळा राहतोच असं नाही, आणि कानात आलेल्या आवाजावर विसंबून माणूस स्वतः बघायचं विसरतो. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी बघून मगच बाहेर काढायचं, हे निघण्याआधी ठरवून घ्यावं.

संपर्क तुटल्यावर काय करायचं तेही तेव्हाच ठरवावं. वळणावर थांबायचं नाही, मागे वळून बघत चालायचं नाही, चालवताना बटणांशी झटायचं नाही. पुढचा टप्पा आधीच सांगून ठेवलेला असावा, अमुक पेट्रोल पंप किंवा तमुक फाटा, आणि ज्याला कोणाचाच आवाज येत नाही त्याने तिथवर हाताच्या खुणांवर यायचं. तिथे यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की जोडणी बहुतेक वेळा परत येते. नाही आली तर दोन गाड्यांचा क्रम बदलून बघावा, आणि पेअरिंगचं काय ते रात्री मुक्कामाला पोचल्यावर बघावं.